झॅबिक्समध्ये लॅबचे सगळे पीसी एकाच नावाखाली येतायत, हाताने ॲड केलेले लाल होतायत

लॅब_लातूर

नमस्कार मंडळी, मी एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर लॅब सांभाळते. दोन लॅब, प्रत्येकीत ३० पीसी, सगळ्यांवर विंडोज १०. प्राचार्यांनी सांगितलं की ऑनलाईन परीक्षेच्या आधी कुठल्या पीसीची डिस्क भरलीय, कुठला बंद पडतोय हे एका जागी दिसायला हवं, म्हणून एका व्हेंडरकडून झॅबिक्स ७.० बसवून घेतलं, सर्व्हर उबुंटूवर आहे. त्यांनी एका पीसीवर एजंट (पीसीची माहिती सर्व्हरला देणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला, त्या पीसीची क्लोनझिलाने इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची कॉपी काढली आणि तीच बाकी सगळ्यांवर चढवली, ऑटोरजिस्ट्रेशन (पीसी आपोआप यादीत येण्याची सोय) चालू करून दिलं आणि काम झालं म्हणून गेले, आता फोन उचलत नाहीत. पीसींची नावं नंतर आम्ही विंडोजमध्ये एकेक करून बदलली.

आता होतंय असं की होस्टच्या यादीत एकच होस्ट दिसतो, लॅब१-पीसी०१, बाकीचे ५९ आलेच नाहीत. आणि त्या एकाच होस्टवर दिवसभर "होस्ट रीस्टार्ट झाला, अपटाइम १० मिनिटांपेक्षा कमी" असा अलर्ट येतो आणि जातो, येतो आणि जातो. मी त्या पीसीसमोर जाऊन बसले, तो व्यवस्थित चालू आहे, कोणी रीस्टार्ट करत नाहीये. मग मी काही पीसी आयपी टाकून हाताने ॲड केले, पॅसिव्हवालं टेम्प्लेट (काय काय तपासायचं त्याची तयार यादी) लावून. त्यातले काही हिरवे झाले, काही पहिल्यापासून लाल, आणि दोन-तीन काल हिरवे होते ते आज लाल आहेत. एकाच्या पानावर तर दुसऱ्याच पीसीचं नाव दिसतंय.

नेटवर्क ठीक आहे, इंटरनेट सगळीकडे चालतं. परीक्षा जवळ आलीय, कुठून सुरुवात करू तेवढं सांगा. सॉफ्टवेअरच बदलावं लागेल का?

नेट_कोल्हापूर

ताई, सॉफ्टवेअर अजिबात बदलू नका, झॅबिक्स बरोबर काम करतंय, त्याला माहितीच चुकीची मिळतेय. तुमच्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत ते आधी वेगळे करा, नाहीतर डोकं चक्रावेल.

पहिला, सगळे एकाच नावाखाली येण्याचा. विंडोजवर एजंट एमएसआय फाईलने इन्स्टॉल केला की तो त्या वेळचं कॉम्प्युटरचं नाव उचलतो आणि कॉन्फिग फाईलमध्ये होस्टनेम या ओळीत लिहून टाकतो. तुमच्या व्हेंडरने पीसी०१ वर इन्स्टॉल केलं, तिथे लिहिलं गेलं लॅब१-पीसी०१, आणि मग त्याचीच इमेज सगळीकडे गेली. तुम्ही विंडोजमधलं नाव बदललं तरी ती ओळ काही बदलत नाही. म्हणजे आत्ता साठच्या साठ पीसी सर्व्हरला ओरडून सांगतायत की मीच लॅब१-पीसी०१, आणि ॲक्टिव्ह मोडमध्ये, म्हणजे पीसी स्वतःहून माहिती पाठवतो तेव्हा, सर्व्हर फक्त नाव बघतो, आयपी बघत नाही. तो रीस्टार्टचा अलर्ट त्यामुळेच येतोय. एका पीसीचा अपटाइम (चालू होऊन झालेला वेळ) चार तास, तेवढ्यात दुसऱ्याचा येतो सात मिनिटं, सर्व्हरला वाटतं मशीन आत्ता चालू झालं. लेटेस्ट डेटामध्ये जाऊन अपटाइमचा ग्राफ उघडा, करवतीच्या दात्यांसारखा वरखाली दिसेल. तसा दिसला तर निदान पक्कं समजा.

उपाय: कुठल्याही एका पीसीवर प्रोग्रॅम फाईल्समधल्या झॅबिक्स एजंट फोल्डरमध्ये कॉन्फ फाईल आहे ती नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यात उघडा. होस्टनेमच्या ओळीच्या आधी हॅश टाकून ती बंद करा आणि होस्टनेम-आयटम नावाची ओळ चालू करून त्यात सिस्टिम डॉट होस्टनेम लिहा. आता एजंट दर वेळी सुरू होताना विंडोजलाच विचारेल की नाव काय. याचा मोठा फायदा म्हणजे फाईलमध्ये पीसीचं नावच राहत नाही, त्यामुळे हीच एक फाईल सगळ्या पीसींवर जशीच्या तशी चालते, पेनड्राइव्हवर एक छोटी बॅच फाईल करा, सर्व्हिस थांबव, फाईल कॉपी कर, सर्व्हिस सुरू कर, एवढं तीन ओळींचं काम आहे. तुमच्याकडे डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीने एका ठिकाणाहून होईल, नसेल तर एक दुपार फिरावं लागेल. आणि मूळ इमेज पण दुरुस्त करून ठेवा, नाहीतर पुढच्या सुट्टीत पुन्हा क्लोन कराल आणि सगळं परत येईल.

दुसरा प्रॉब्लेम, लाल. लाल झेडबीएक्सच्या चौकटीवर माऊस नेला की एरर दिसते, ती वाचा, तीन प्रकार असतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. टाइम आऊट म्हणजे पॅकेट पोचतच नाहीये, पीसी बंद आहे किंवा फायरवॉल अडवतेय किंवा आयपी बदललाय. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे पीसी सापडला पण एजंटची सर्व्हिस चालू नाही. आणि एजंटकडून रिकामं उत्तर आलं, ॲक्सेस परमिशनमुळे असावं, असं काही लिहिलं असेल तर एजंट चालू आहे पण त्याच्या फाईलमध्ये सर्व्हर या ओळीत तुमच्या झॅबिक्स सर्व्हरचा आयपी नाही, तो अनोळखी माणसाला दारातूनच परत पाठवतोय. कुठली एरर येतेय ते इथे टाका.

विंडोजवाला

साध्या लॅबसाठी एजंट वगैरे कशाला, सरळ एसएनएमपी (नेटवर्कवरच्या यंत्रांची माहिती विचारायची जुनी पद्धत) चालू करा ना सगळ्या पीसींवर, स्विचसारखंच. आम्ही जुन्या ऑफिसात तसंच करायचो, काही इन्स्टॉल करायची कटकट नाही.

नेट_कोल्हापूर

@विंडोजवाला, स्विच, प्रिंटर, यूपीएससाठी एसएनएमपी उत्तमच, त्यांच्यावर एजंट टाकताच येत नाही. पण विंडोजवर मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ पासूनच एसएनएमपी सर्व्हिस डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे बंद होणारी, म्हणून सांगितलीय आणि विंडोज १० मध्ये तर ती ऑप्शनल फीचर म्हणून वेगळी बसवावी लागते, म्हणजे इन्स्टॉलची कटकट तिथेही आलीच. वर एसएनएमपीच्या जुन्या व्हर्जनमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्डच, उघडी जाते, विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये तर मी ते अजिबात करणार नाही. एजंट आधीच सगळीकडे बसलेला आहे, एक ओळ दुरुस्त करायचीय फक्त.

लॅब_लातूर

सर, अपटाइमचा ग्राफ अगदी तुम्ही म्हणालात तसाच होता!! लगेच लॅब एकचे सगळे पीसी दुरुस्त केले, तो जुना होस्ट काढून टाकला आणि थोड्या वेळात ३० च्या ३० वेगवेगळे आले, खूप बरं वाटलं. पण लॅब दोनमध्ये तीच फाईल टाकली तर तिथे परत सगळे मिळून एकच होस्ट आलाय. आणि नाव पण अर्धवट आलंय, शेवटचे आकडे नाहीत. तिथली नावं आधीच्या सरांनी ठेवलेल्या पद्धतीने आहेत, कॉम्प्युटरलॅब२-पीसी०१, ०२ अशी (इंग्रजीत). फाईल तीच आहे, दोनदा तपासली.

लाल असलेल्यांची एरर बघितली, बहुतेकांना टाइम आऊट आहे. एका पीसीला ते रिकाम्या उत्तरवालं आहे.

पुणेकर_सिसॲडमिन

ताई, तुमची फाईल बरोबर आहे, नाव लांब आहे. विंडोजचं जे जुनं नेटबायोस नाव असतं ते जास्तीत जास्त १५ अक्षरांचं असतं, त्यापुढचं कापलं जातं, आणि एजंट विंडोजवर बाय डिफॉल्ट तेच नेटबायोस नाव उचलतो. आता तुमचं नाव इंग्रजीत लिहून अक्षरं मोजा, कॉम्प्युटरची आठ, लॅबची तीन, मग २, मग डॅश, मग पी आणि सी, बरोबर पंधरा झाली. म्हणजे ०१, ०२, ०३ हे वेगळेपण दाखवणारे आकडेच कापले गेले आणि तीसच्या तीस पीसींची नावं सारखी झाली. लॅब एकचं नाव छोटं होतं म्हणून तिथे हा त्रास झाला नाही.

दोन रस्ते आहेत. होस्टनेम-आयटममध्ये सिस्टिम डॉट होस्टनेमच्या पुढे चौकटी कंसात होस्ट लिहिलं की तो पूर्ण नाव घेतो. पण मी तुमच्या जागी असतो तर नावंच बदलली असती, लॅब२-पीसी०७ असं आखूड. नेटवर्कवर तीस मशीनचं नेटबायोस नाव सारखं असणं तसंही बरं नाही, शेअर फोल्डर, प्रिंटर शेअरिंग यात कधीतरी त्रास देतंच. नाव बदलून पीसी रीस्टार्ट करा, बस.

टाइम आऊटबद्दल. तुमचे पीसी डीएचसीपीवर आहेत ना, म्हणजे आयपी आपोआप मिळतो आणि बदलू शकतो? तुम्ही हाताने आयपी टाकून ॲड केलेत, आयपी बदलला की सर्व्हर जुन्याच पत्त्यावर जाऊन विचारत बसतो, आणि तो पत्ता तोवर दुसऱ्या पीसीला मिळाला असेल तर त्याचा डेटा ह्याच्या नावावर जमा होतो. तुम्हाला एकाच्या पानावर दुसऱ्याचं नाव दिसलं ते ह्यामुळेच. पॅसिव्हमध्ये सर्व्हर पीसीकडे जातो, पोर्ट १००५०, पीसीचा पत्ता त्याला माहीत असावा लागतो आणि पीसीवरची फायरवॉल उघडी असावी लागते. ॲक्टिव्हमध्ये पीसी स्वतः सर्व्हरकडे येतो, पोर्ट १००५१, पीसीचा आयपी रोज बदलला तरी फरक पडत नाही. ज्या मशीन रोज बंद-चालू होतात, ज्यांचे आयपी हलतात, त्यांना ॲक्टिव्हच लावा, सर्व्हर आणि कायम चालू असणाऱ्या मशीनला पॅसिव्ह ठीक आहे. तुमचं ऑटोरजिस्ट्रेशन चालू आहेच, त्यामुळे हाताने ॲड केलेले सगळे होस्ट काढून टाका, विंडोज बाय झॅबिक्स एजंट ॲक्टिव्ह हे टेम्प्लेट ऑटोरजिस्ट्रेशनच्या ॲक्शनमध्ये लावा आणि होस्ट आपोआप येऊ द्या. अट म्हणून होस्टच्या नावात लॅब१ असेल तर हा ग्रुप, लॅब२ असेल तर तो ग्रुप, अशा दोन ॲक्शन करा.

अजून एक, हाताने होस्ट करायची वेळ आलीच तर नावात छोटी-मोठी अक्षरं पण तंतोतंत जुळली पाहिजेत. विंडोज नेटबायोस नाव कॅपिटलमध्ये देतं आणि तुम्ही झॅबिक्समध्ये स्मॉलमध्ये टाइप केलं तर ते दोन वेगळे होस्ट धरले जातात. अशा वेळी एजंटच्या लॉग फाईलमध्ये सर्व्हरवर ॲक्टिव्ह चेक नाहीत, होस्ट सापडला नाही, अशी ओळ येत राहते, आणि चौकटी कंसात एजंट कुठल्या नावाने ओळख देतोय तेही लिहिलेलं असतं. काही अडलं की आधी ती लॉग फाईल उघडा, निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. पीसीवरून सर्व्हर पोचतोय का बघायचं तर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनला सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट १००५१ द्या, शेवटी ट्रू आलं तर रस्ता मोकळा.

ते रिकाम्या उत्तरवालं तुम्हाला वर सांगितलंच आहे, त्या पीसीच्या फाईलमध्ये सर्व्हरची ओळ बघा, जुना आयपी राहिला असेल.

आणि हो, ॲडमिन आणि झॅबिक्स हा डिफॉल्ट लॉगिन-पासवर्ड व्हेंडरने बदललाय का ते आजच बघा. बऱ्याच ठिकाणी तसाच असतो, आणि पॉलिटेक्निकची मुलं तो पाच मिनिटांत नेटवर शोधून काढतील.

फोंडा_आयटी

मी गोव्यात एका शाळेच्या दोन लॅब बघतो, सेटअप जवळजवळ तुमच्यासारखाच. होस्ट नीट आले की खरा प्रश्न सुरू होतो तो अलर्टचा, त्याबद्दल सांगतो कारण इथेच लोक कंटाळून मॉनिटरिंग बंद करतात.

संध्याकाळी लॅब बंद केली की साठ पीसी गप्प होतात आणि सगळ्यांचे अलर्ट येतात. त्यासाठी डेटा कलेक्शनमध्ये मेंटेनन्स म्हणून आहे, तिथे लॅब पीसीच्या ग्रुपला रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ८ असा पिरियड लावा, रविवारी पूर्ण दिवस. प्रकार निवडताना डेटा कलेक्शनसहित हा निवडा, म्हणजे कोणी रात्री पीसी चालू ठेवला तर त्याची नोंद तरी राहते, फक्त अलर्ट येत नाही.

मग सर्व्हिस. हे टेम्प्लेट विंडोजच्या ऑटोमॅटिक सर्व्हिस सगळ्या शोधून काढतं आणि एखादी थांबली की अलर्ट देतं. पण ब्राउझरच्या अपडेटच्या सर्व्हिस ऑटोमॅटिक असून काम झालं की स्वतःच थांबतात, त्यांचा काही दोष नसतो. साठ पीसी गुणिले अशा दोन-तीन सर्व्हिस, तुमची स्क्रीन भरून जाते आणि त्यात डिस्क भरल्याचा खरा अलर्ट हरवतो. टेम्प्लेटच्या मॅक्रोमध्ये (बदलता येणाऱ्या सेटिंगमध्ये) सर्व्हिस डॉट नेम डॉट नॉट मॅचेस असा एक आहे, त्यात अशा सर्व्हिसची नावं वाढवा. मी तर लॅबच्या पीसींसाठी सर्व्हिस डिस्कव्हरी पूर्ण बंदच करून टाकली, एक सर्व्हिस थांबल्याने माझ्या लॅबमध्ये कुणाचं काही अडत नाही. डिस्क, मेमरी, पीसी शेवटचा कधी दिसला, एवढंच ठेवलंय. सर्व्हर, मुख्य स्विच आणि इंटरनेटच्या राउटरला मात्र सगळं लावलंय, त्यांचाच अलर्ट टेलिग्रामवर येतो, बाकीचं सकाळी स्क्रीनवर बघतो. टेलिग्रामचा मीडिया टाइप आतच तयार मिळतो, बॉटचा टोकन आणि अलर्ट ज्या चॅटवर हवा त्याचा आयडी टाकायचा.

अपटाइमवर पण फार भरवसा ठेवू नका. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मुलांनी रोज शटडाऊन केलं तरी अपटाइम शून्य होत नाही, कारण कर्नल हायबरनेट होऊन परत येतो. खरा रीस्टार्ट केला तरच शून्य होतो. आठवड्यापेक्षा जास्त अपटाइम दिसला म्हणून मुलं पीसी बंद करत नाहीत असं समजून कुणाला बोलू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, मॉनिटरिंग म्हटलं की शिक्षक लोक बिथरतात, आपली स्क्रीन बघतायत असं त्यांना वाटतं. स्टाफरूममध्ये जाऊन स्पष्ट सांगा की हे सॉफ्टवेअर तुमची स्क्रीन, तुमचे मेल, तुम्ही कुठली वेबसाइट उघडली हे काही बघत नाही, डिस्क किती भरली, मेमरी किती लागतेय एवढंच बघतं. त्यांना डॅशबोर्ड उघडून दाखवा. एजंटमध्ये लांबून कमांड चालवायची सोय असते, ती बाय डिफॉल्ट बंद असते, ती बंदच राहू द्या आणि तेही त्यांना सांगा. ज्यांच्या पीसीवर आपण काही बसवतो त्यांना ते काय आहे हे कळलंच पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे.

लॅब_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅब दोनची नावं आखूड केली, रीस्टार्ट केले, आता साठही पीसी स्वतःच्या नावाने दिसतायत. हाताने केलेले सगळे होस्ट उडवले. रिकाम्या उत्तरवाल्या पीसीमध्ये खरंच दुसराच आयपी होता सर्व्हरच्या ओळीत. पासवर्ड पण तसाच होता!! लगेच बदलला.

यातून एक फार कामाची गोष्ट कळली, लॅब दोनमध्ये खिडकीकडच्या रांगेतल्या बऱ्याच पीसींच्या सी ड्राइव्हमध्ये जेमतेम २ ते ३ जीबी जागा उरलीय, परीक्षेच्या दिवशी तिथे सॉफ्टवेअर इन्स्टॉलच झालं नसतं. मुलांच्या प्रोजेक्टच्या जुन्या फाईल आणि डाऊनलोड आहेत, त्या आधी सर्व्हरवर घेऊन मग काढणार, कुणाचं काम जायला नको.

मेंटेनन्सचा पिरियड लावलाय. उद्या स्टाफरूममध्ये डॅशबोर्ड दाखवणार आहे, फोंडावाल्या सरांचं ते अगदी पटलं, इथे पण दोघा-तिघांनी मला विचारलंच होतं.

एक शेवटचं, लॅबमध्ये एक नेटवर्क प्रिंटर आहे आणि दोन मॅनेज्ड स्विच, ते पण यातच घेता येतील ना? आणि पुढे इमेज परत करायची झाली तर एजंट इमेजमध्ये ठेवू की नंतर टाकू?

पुणेकर_सिसॲडमिन

घेता येतील, त्यांना एसएनएमपी, पोर्ट यूडीपी १६१. स्विचच्या सेटिंगमध्ये कम्युनिटी पब्लिक असेल तर आधी बदला आणि फक्त झॅबिक्स सर्व्हरच्या आयपीला वाचायची परवानगी द्या, लिहायची नाही. व्हर्जन ३ ची सोय असेल तर तेच वापरा. या तिन्ही वस्तूंना आयपी मात्र पक्का द्या, इथे सर्व्हरच विचारायला जातो. स्विचला नेटवर्क जेनेरिक डिव्हाइस बाय एसएनएमपी हे टेम्प्लेट लावून बघा, पोर्टवाइज ट्रॅफिक आणि एरर लगेच दिसायला लागतात, कुठली केबल खराब आहे ते एररच्या आकड्यावरून कळतं.

इमेजमध्ये एजंट ठेवायला हरकत नाही, फक्त होस्टनेमची ओळ बंद असलेली आत्ताची फाईलच त्यात असू द्या, आणि इमेज काढायच्या आधी सिसप्रेप जनरलाइज (विंडोजमधली त्या पीसीची स्वतःची ओळख पुसणारं टूल) करून घ्या, क्लोन केलेल्या विंडोजला मायक्रोसॉफ्ट त्याशिवाय सपोर्ट देत नाही. क्लोन चढवल्यावर आधी पीसीचं नाव बदला आणि मगच नेटवर्कची केबल लावा, म्हणजे जुन्या नावाने एकही पीसी सर्व्हरपर्यंत पोचणार नाही.

लॅब_लातूर

केबलचं लिहून ठेवलं. स्विचचा पासवर्ड व्हेंडरकडेच आहे, तो प्राचार्यांच्या सहीचं पत्र देऊन मागवते, मिळाला की एसएनएमपीचं करून इथे कळवते.